गिऱ्हाइकाचा डावा खांदा

टाचणीकाकूंशी बोलणाऱ्याला नेहमी वाटायचं, की बाई फार विचार करून मोजकं बोलतात. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या ओठांत बहुतेक वेळ पाच-सहा टाचण्या असत, आणि तोंडात टाचण्या असताना माणूस ‘हं’, ‘सरळ’ आणि ‘श्वास सोडा’ यापलीकडे फारसं काही बोलू शकत नाही. चाळीस वर्षं अशी काढली, की टाचण्या काढून ठेवल्या तरी वाक्यं लांबत नाहीत. त्यामुळे गल्लीत त्यांचं नाव शहाणी बाई म्हणून झालं होतं. ते खोटं होतं असं नाही. पण त्यात टाचण्यांचा वाटा मोठा होता.

दुकान दहा बाय बाराचं. दोन मशिनी, कापायचं एक लांब टेबल, इस्त्री, पुरुषभर उंचीचा आरसा, आणि आरशाशेजारी स्टुलावर पेपर वाचणारे काका. काका काकूंचे यजमान. त्यांनी चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले होते. आता ते बसून पेपर वाचत, आणि याला आपला उत्कर्ष मानत.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी दातांचे डॉक्टर काखेत एक पंख घेऊन दुकानात शिरले. दीड हात लांबीचा, हलक्या बाल्सा लाकडाच्या फासळ्यांचा, आणि त्यावर लाल प्लास्टिकची फिल्म. रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा डॉक्टरांना नाद होता, हे त्यांच्या पेशंटांना तोंड उघडं ठेवून ऐकावंच लागे. काकूंना ते प्रथमच कळत होतं.

“काकू, हे जरा बघता का?”

काकूंनी बघितलं. तो पंख नव्हता. तो पिळून तसाच दोरीवर टाकलेला शर्ट होता. जिथे तिथे चुण्या.

“कोणी केलं?”

“मी.”

“दातही असेच बसवता?” हे स्टुलावरून आलं. पेपर खाली झाला नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं: फिल्मच्या एका अंगाला गोंद असतो, इस्त्रीच्या उष्णतेने ती लाकडाला चिकटते, आणि आणखी थोडी ऊब दिली की आपोआप ताणून बसते.

“म्हणजे आटणारं कापड.”

“कापड नाही हो, प्लास्टिक—”

“आटतं ना? मग कापडच.”

त्यांनी आधी एका तुकड्यावर इस्त्री टेकवून पाहिली, आच कमी केली, डॉक्टरांचं सगळं काम सोलून काढलं आणि नव्याने सुरुवात केली. खालची बाजू आधी, मग वरची. म्हणजे जोड खालून येतो आणि वाऱ्याला तोंड देत नाही. एका कोपऱ्याला चिकटवलं की लगेच समोरचा कोपरा, मग तिरका. पंखाच्या टोकाशी लाकूड दोन्हीकडून गोल वळतं. तिथे भलेभले हात टेकतात. काकूंनी तिथे फिल्म उरेब, म्हणजे तिरकी, ओढली, आणि बाहीचा गोल मुंढ्यात बसवताना कापड जसं थोडं थोडं जिरवतात, तशी जिरवली. शेवटी पंख डोळ्यांसमोर आडवा धरला, मागच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, “तीळभर पीळ आहे.” पंख हाताने उलटा पिळला, तसाच धरून पुन्हा ऊब दिली. पीळ गेला.

डॉक्टरांनी बोटाने टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. दाताच्या डॉक्टराला गप्प करणं ही साधी गोष्ट नव्हे; एरवी ते काम त्यांचं असतं.

त्यानंतर डॉक्टरांच्या विमानक्लबातल्या अठराही जणांची विमानं काकूंकडे येऊ लागली. या लोकांत विमान पडलं असं कुणी म्हणत नाही. ‘वारा आला’ म्हणतात. रविवारी वारा आलेली विमानं सोमवारी काकूंच्या टेबलावर येत. कुणाचा पंख फाटलेला, कुणाचं शेपूट वेगळ्या पिशवीत. काकू शाळेचे गणवेश बाजूला सारत आणि म्हणत, “मी शिवायचं, तुम्ही फाडायचं. बरं चाललंय.”

क्लबाचा कारभार कॅप्टनकडे. ही पदवी त्यांना कुणी दिली याची नोंद नाही. ते बस डेपोत वर्कशॉपचे सुपरवायझर होते, आणि विमानात आयुष्यात एकदाही बसले नव्हते. बसायला बोलावलं तरी बसणार नाहीत असं त्यांची बायको सांगे. पण मैदानावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. पहिल्या पानांवर विमान एकट्याने उडवणाऱ्यांची नावं. शेवटच्या पानावर उपयोगी फोन: बॅटरीवाला, लाकूडवाला, हाडांचे डॉक्टर. त्यांच्याच खाली अकरा वर्षं एक ओळ होती: ‘टाचणीकाकू, कव्हरिंग.’

काकूंना या ओळीचं काही वाटलं नसतं. पण दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांची गाडी बंद पडली, आणि पंख पोचवायला त्या स्वतः मैदानावर गेल्या. पंख विमानावर चढला, विमान वर गेलं, वळलं आणि काकूंच्या डोक्यावरून सूर्याच्या आड आलं. फिल्ममधून उजेड आरपार आला. आतल्या फासळ्या एक न् एक मोजता येत होत्या, आणि कुठेही एक सुरकुती नव्हती.

आता शिंप्याच्या नशिबात एक गोष्ट कधी नसते. गिऱ्हाईक कपडा घालून पायरी उतरतं आणि जातं. तो कपडा जगात वावरताना कसा दिसतो, हे शिवणाऱ्याला कळत नाही. तक्रार आली तरच कळतं. आपलं काम दूर जाऊन, वळून, पुन्हा आपल्याला भेटायला येतं, हे काकूंनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

“हे चालवायला काय लागतं?” त्यांनी विचारलं.

“काकू,” कॅप्टन मायेने म्हणाले, “तुमचे हात कव्हरिंगचे. देवाने एकेकाला एकेक दिलेलं असतं.”

काकूंच्या तोंडात तेव्हा टाचण्या नव्हत्या. तरी त्या काही बोलल्या नाहीत. सोमवारी त्यांनी डॉक्टरांकडून शिकाऊ विमानाचा नकाशा मागून घेतला.

विमान बांधायला चार महिने लागले. इतरांना जे शिकावं लागतं, त्यातलं निम्मं काकूंना येत होतं. नकाशा पाटावर पसरून त्यावर लाकडाचे तुकडे टाचण्यांनी जागच्या जागी रोवायचे, मग चिकटवायचे. टाचण्यांच्या बाबतीत काकूंना कुणी काही सांगावं अशी परिस्थिती नव्हती. गोंदावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. “नुसतं चिकटवलंय? टाका नाही?” असं म्हणत त्यांनी चाकांची तार लाकडाला दोऱ्याने बांधली, आणि त्यावर नाइलाजाने गोंद लावला. विमान दोन बोटांवर तोलून पाहिलं तेव्हा शेपटाकडे कललं. कॅप्टनने वजन म्हणून खिळे घालायला सांगितलं. काकूंनी पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात त्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि नाकाच्या आत अस्तर लावावं तशा ओळीने बसवल्या.

मग कव्हरिंग. इथे काकूंनी जीव ओतला. वर गडद मरून, खाली तोच मरून. कापड आणि अस्तर एका रंगाचं, अंगावरून पाहिलं तर जोड सापडू नये असं. मैदानावर अठरा माणसं भोवती जमली. कॅप्टनने टोपी काढली. सगळे म्हणाले, असं विमान पाहिलं नाही.

वर गेल्यावर तेही दिसेना. म्हणजे विमान दिसत होतं, पण ते पोट दाखवतंय की पाठ, हे कळत नव्हतं. दोन्हीकडे मरून. काकू सरळ करायला गेल्या ते उलटं झालं. कॅप्टनच्या हातातला रिमोट वायरने काकूंच्या रिमोटला जोडलेला होता, त्यांनी “माझं!” असं ओरडून बटण दाबलं, ताबा आपल्याकडे घेतला आणि विमान झाडाच्या वर चार हातांवर वाचवलं.

“काकू, खालून रंग वेगळा हवा.”

“अस्तर वेगळ्या रंगाचं?” जन्मभर काकूंनी ज्या शिंप्यांना नावं ठेवली, त्यांच्या पंगतीला बसायची वेळ आली होती. पण दुसऱ्या रविवारी विमानाच्या पोटावर पिवळे रुंद पट्टे होते. काका म्हणाले, “आता कसं, चुकून कुणी उलटं घालणार तरी नाही.”

तरीही खरी अडचण पुढेच होती. विमान लांब जात असताना सगळं सरळ असतं. रिमोटवरची काठी उजवीकडे लोटली की विमान उजवीकडे झुकतं. पण तेच विमान तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागलं की त्याची उजवी आपल्या डावीकडे येते, आणि शिकणाऱ्याचा हात नेमका उलटा जातो. थोडं झुकलेलं विमान आणखी झुकतं. आणि उतरायचं म्हणजे आपल्याकडे यावंच लागतं.

“पंख जिकडे पडेल तिकडे काठी टेका,” कॅप्टन सांगत. “पडक्या भिंतीला टेकू देतो ना, तसं.”

उपाय बरोबर होता. पण भिंत पडताना दिसणार, मग टेकू आठवणार, मग हात हलणार, तोवर कॅप्टन “माझं!” म्हणून मोकळे. दर रविवारी आठ-दहा वेळा “माझं!” ऐकून काकू घरी येत. जेवताना काका म्हणाले, “तुझं विमान जातं छान. येत नाही.”

“हं.”

“आपल्या पाहुण्यांचं याच्या उलट आहे.”

काकू हसल्या नाहीत, यावरून काकांनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

गंभीर होतंच. मैदानावर गोदाम उठणार होतं. क्लबाला तलावापलीकडे दुसरी जागा मिळाली होती, पण तिच्या कडेने रस्ता जात असल्यामुळे अट पडली: तिथे शिकाऊ चालणार नाहीत. ज्याने जुन्या मैदानावर वायरीशिवाय, एकट्याने, लागोपाठ तीनदा विमान उतरवलं असेल आणि तिसऱ्यांदाही ते पुन्हा उडण्याजोगं राहिलं असेल, त्याचंच नाव वहीच्या पुढच्या पानावर. चार रविवार उरले होते. त्यातले दोन “माझं! माझं!” करत गेले.

“वाईट वाटून घेऊ नका,” कॅप्टन म्हणाले. “नव्या मैदानावर तुम्ही या ना. खुर्ची टाकू तुमच्यासाठी.”

खुर्चीचा प्रस्ताव काकूंना फार लागला.

त्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका कोटाच्या ट्रायलला आल्या. काकूंच्या ओठांत टाचण्या, समोर बाई. काकूंनी खांद्यावरून हात फिरवला आणि पुटपुटल्या, “डावा खाली आहे. भरणी घालते.”

“डावा म्हणजे? माझा की तुमच्या बाजूचा?”

“इथे माझं काही नसतं,” काकू म्हणाल्या. “सगळं गिऱ्हाइकाचं.”

आणि थांबल्या. चाळीस वर्षं माणसं त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली होती. त्यांचा डावा खांदा काकूंच्या उजव्या हाताला येत होता, आणि काकूंनी एकाही कोटाची भरणी चुकीच्या खांद्यात घातली नव्हती. कधी विचारही करावा लागला नव्हता. मग विमान काय वेगळं होतं? तेही समोरून येणारं गिऱ्हाईकच. त्यालाही दोन खांदे.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या.

“बाई, जरा दारापर्यंत जाता? आणि हात पसरून माझ्याकडे चालत या.”

“कोटासाठी?”

“हं.”

मुख्याध्यापिकांनी जन्मभर इतरांना रांगेत चालवलं होतं; आपल्याला कुणीतरी चालवतंय हे त्यांना बहुधा आवडलं. त्या हात पसरून आल्या. काकूंनी एका हातात रीळ धरलं होतं आणि त्यावर अंगठा काठीसारखा टेकवला होता.

“आता डावा खांदा पाडा. तुमचा डावा. हं. आता तुमच्या उजवीकडे या.” अंगठा उजवीकडे गेला. “पुन्हा. आता उजवा पाडा.”

“आता गिरकी घ्यायला सांगेल,” पेपराआडून आवाज आला.

चार फेऱ्या झाल्या. कोट उत्तम बसला, आणि इतकं बारकाईने माप कुणी घेत नाही, असं मुख्याध्यापिका पुढे सगळ्या शाळेत सांगत होत्या.

बाकीचे दिवस काकांवर निभावले. सकाळ-संध्याकाळ ते गॅलरीच्या टोकापासून हात पसरून काकूंकडे येत, झुकत, सावरत. पहिल्या दिवशी म्हणाले, “मी मीटर वाचत होतो तेच बरं होतं.” तिसऱ्या दिवशी सूचना करू लागले: “आता मी वाऱ्यात आहे असं धर.” समोरच्या इमारतीतल्या दोघांनी त्यांच्या व्यायामाची चौकशी केली आणि एकाने तो सुरूही केला.

तिसऱ्या रविवारी वायर जोडलेली होती, पण कॅप्टनचा अंगठा बटणावर नुसता बसून राहिला. एकदाही “माझं” झालं नाही. “आज वारा नव्हता,” कॅप्टन म्हणाले. क्लबाच्या इतिहासात वारा नसण्याला कुणी दोष दिला असेल तर तो त्या दिवशी.

चौथ्या रविवारी वारा होता. मैदानाच्या एका कडेला गोदामाचे खांब आले होते, दुसऱ्या कडेला काटेरी झुडपं. काका काकूंच्या मागे दहा पावलांवर उभे राहिले. वायर काढली. कॅप्टनने मागे हात बांधले, कारण मोकळे राहिले असते तर ते पुढे गेले असते.

पहिल्यांदा विमान उतरलं ते दोन उड्या मारून. दुसऱ्यांदा एक उडी. डॉक्टर टाळ्या वाजवू लागले, कॅप्टनने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

तिसऱ्यांदा विमान लांब गेलं, खांबांच्या अलीकडून वळलं आणि तोंड करून काकूंकडे येऊ लागलं. नाक बारीक, मध्ये चाकं, दोन्हीकडे खांदे. पंधरा हात उंचीवर वाऱ्याचा एक झोत आडवा आला आणि एक पंख धसकला. कॅप्टनचा अंगठा मागे बांधलेल्या मुठीत दाबला गेला. तिथे बटण नव्हतं.

काकू हळू, पण शेजारच्याला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, “डावा खाली आहे, बाई. उजवीकडे घ्या. हं. सरळ. श्वास सोडा.”

श्वास कुणी सोडायचा हे स्पष्ट नव्हतं. अठरा जणांनी सोडला. विमान सरळ झालं, काकूंच्या डोक्याएवढं खाली आलं, कमरेएवढं, आणि चाकं टेकली. उडी मारलीच नाही. पण वाऱ्याने ते तसंच घसरत कडेला नेलं आणि एक पंख झुडपात शिरला.

कॅप्टन चालत गेले, विमान दोन्ही हातांनी उचललं, आणि गाडीखाली शिरून तपासावं तसं तपासलं. नाकावरचा पंखा शाबूत. चाकं शाबूत, दोऱ्याने बांधलेली तार हलली नव्हती. पंखाच्या खालच्या बाजूला, पिवळ्या पट्ट्यावर, बोटभर चीर.

“फाटलंय,” कॅप्टन म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांना नियम मोडायचा नव्हता आणि नियम पाळायचाही नव्हता. “पुन्हा उडण्याजोगं पाहिजे. आता हे सोमवारी तुम्हालाच—” मग ते थांबले. अकरा वर्षं आपण कुणाकडे ही चीर पाठवतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

काकूंनी पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, चिरेच्या दोन्ही कडा अंगठ्याने जवळ आणल्या आणि वर पट्टी बसवली. दुरून चीर सापडली नसती. विमान वाऱ्याकडे तोंड करून ठेवलं, पुन्हा वर नेलं, मैदानाभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा उतरवलं. चौथ्यांदा. हे कुणी मागितलं नव्हतं.

कॅप्टनने वही उघडली. पुढच्या पानावर अठरा ओळी होत्या. एकोणिसावी त्यांनी सावकाश, सुपरवायझरच्या गोल अक्षरात लिहिली. मग शेवटचं पान काढून हाडांच्या डॉक्टरांखालची ओळ खोडायला पेन टेकवलं.

“ती राहू दे,” काकू म्हणाल्या. “तुमची विमानं पडायची थांबणार आहेत का?”

“पडत नाहीत, काकू. वारा येतो.”

“हं. पुढे लिहा, सोमवारी घेणार नाही. सोमवारी माझं.”

कॅप्टनने मुकाट्याने लिहिलं. “माझं” हा शब्द मैदानावर दुसऱ्या कुणी म्हटलेला त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता.

डॉक्टर विमानाचा फोटो काढत होते. बाकीचे भोवती जमून चिकटपट्टी शोधत होते. काकूंनी रिमोट बंद केला आणि मागे वळून पाहिलं. काका होते तिथेच उभे होते, दोन्ही हात आडवे पसरून, डावा खांदा किंचित वर.

“अहो,” काकू म्हणाल्या, “हात खाली घ्या. कधीच उतरलंय.”